आधी दगड, मग लेकरू

"हा दगड दवाखान्यात चालायचा नाही, दगडाबाई."

"मग बायाबी चालायच्या न्हाईत, सिस्टर. काय ते निवडा तुमी."

"वरून कुणी आलं आणि विचारलं, काट्यात वरवंटा कशाला घातलाय, तर मी काय सांगू?"

"सांगा, आयाबाई येडी हाय. त्यास्नी लगीच पटंल."

"हसण्यावारी नका नेऊ. आज आधी दगड आणि मागून पोर. उद्या बाया म्हणतील, दगडाचं झालं ना, मग पोर कशाला काढायचं उन्हात? तेव्हा काय कराल?"

"आई हाय ती, सिस्टर. दगड घिऊन कशाला यील?"

हे भांडण मी ऐकलं ते पत्र्याच्या अलीकडच्या अंगाला बसून, माझ्या थोरल्याला पाजताना. पत्र्याची भिंत ऊन अडवत नाही, ती भांडण काय अडवणार. आतमध्ये मालनबाई सिस्टर आणि आया दगडाबाई. दोघींचं एकमेकींवाचून चालत नव्हतं आणि दोघींनाही ते कबूल नव्हतं. भांडण मिटलं कसं म्हणाल, तर सिस्टरनं फडकं दगडाबाईच्या अंगावर टाकलं, दगडाबाईनं त्या फडक्यानं काट्याचं पारडं लख्ख पुसलं, आणि पुसलेल्या पारड्यात पहिल्यांदा वरवंटाच ठेवला.

त्याला कुंची घातलेली होती. गालाला तीट लावलेली होती.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. आमची वस्ती नगर शहराच्या कडेला, रुळांच्या पलीकडं, खडीच्या जुन्या खाणीला लागून. दुष्काळानं पाथर्डी-शेवगावाकडनं उठलेली माणसं तिथं येऊन टेकली होती. बाप्ये हमालीला जायचे, बाया खाणीत खडी फोडायच्या. त्या खाणीची एक खोड होती. दुपारी जेवायला हातोडे थांबायचे, पण आवाज लगेच थांबायचा नाही. आपण फडकं सोडून भाकरीचा तुकडा मोडेपर्यंत खाली कुणीतरी ठोकतच असायचं. नवी आलेली बाई उठून कडेला जायची, वाकून बघायची. जुन्या बाया म्हणायच्या, "बघू नको, जेव."

आणखी एक गोष्ट होती, ती माझ्या ध्यानात उशिरा आली. एवढी वस्ती, घरटी एक तरी अंगावरचं पोर, पण रडण्याचा आवाज नसायचा. कुत्री भुंकायची, गाडी धडधडत जायची, पोरं गप्प. मला आधी वाटलं, किती गुणाची पोरं आहेत इथली. मग कळलं, रडायला पण अंगात काहीतरी असावं लागतं.

दगडाबाई मूळची सोनईकडची. उंच, हाडं दिसणारी बाई, मिसरीनं दात काळे झालेले, चालताना पदर कायम कमरेला खोचलेला. तिला पोर झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, आणि दुसरीला पण झालं नाही तेव्हा तो दगडाबाईला परत न्यायला आला. ती म्हणाली, "आता तिसरी बघा, म्हंजी खात्री हुईल." आणि नगरातच राहिली. दर गुरुवारी बालवाडीच्या पत्र्याच्या खोलीत आईमुलांचा दवाखाना भरायचा. सिस्टर टांग्यातून काटा घेऊन यायची, पोरांची वजनं करायची, सुया टोचायची, ज्यांची पोरं अगदीच हडकुळी त्यांना दुधाची पावडर द्यायची. दगडाबाईचं काम सकाळी घरोघर फिरून बायांना बोलावून आणायचं, पारडं पुसायचं आणि सुई टोचताना पोर धरायचं.

सुरुवातीला बाया येतच नव्हत्या. सुईला भीत होत्या म्हणाल, तर तेही होतं, पण खरी भीती काट्याची. लेकराला कुणी मोजतं का? आमच्यात धान्य मोजताना पहिल्या मापाला एकसुद्धा म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आणि इथं उघड्या पोराला पारड्यात घालून सिस्टर चारचौघीत आकडा मोठ्यानं सांगायची. नजर लागायला अजून काय लागतं? पहिले दोन गुरुवार सिस्टर आणि दगडाबाई एकमेकींकडं बघत बसल्या. मग दगडाबाईनं घरचा वरवंटा आणला.

बारशाला आपण पाळण्यात आधी वरवंटाच घालतो. त्याला टोपडं घालायचं, काजळ-कुंकू करायचं, बायांनी पाळण्याच्या वरून खालून एकमेकींच्या हातात द्यायचा, मग तो काढून लेकरू ठेवायचं. का करतात ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. जे काही यायचं असेल ते आधी दगडावर यावं, एवढंच. दगडाबाईनं तीच रीत काट्याला लावली. आधी दगड पारड्यात, मग लेकरू. आणखी वर तिनं सिस्टरकडून कबूल करून घेतलं की पोर आईच स्वतःच्या हातानं ठेवेल, आईची इच्छा नसेल तर कुंची काढायची नाही, तोंड उघडायचं नाही, आणि आकडा कुणी उच्चारायचा नाही.

झालं. बायांची रांग दारातनं बाहेर, पार लिंबापर्यंत गेली.

त्या रांगेत कायम पुढं बसायची ती चांगुणा. पाथर्डीच्या अंगाची, वीस-बावीस वर्षांची असेल. तिच्या नवऱ्यानं बैल घोडेगावच्या बाजारात कवडीमोलानं घातले आणि तो काम बघायला पुण्याकडं गेला, तो गेलाच. तिची आधीची दोन लेकरं गेली होती. हे तिसरं, मुलगी, दोन-तीन महिन्यांची. ती छातीशी इतकी घट्ट धरायची की कुंचीचं टोक तेवढं दिसायचं. पोर कधी हलायचं नाही, कधी कुरकुर करायचं नाही. माझा थोरला एवढा द्वाड, सारखा लाथा झाडायचा. मी चांगुणाच्या पोरीकडं बघून म्हणायचे, कशी शांत आहे. मनातच म्हणायचे. मोठ्यानं म्हणायची रीत नाही.

तिची पाळी आली की ती पुढं व्हायची, हलक्या हातानं कुंचीसकट पोर पारड्यात ठेवायची आणि हात काढायची नाही तोवर सगळ्याजणी दुसरीकडं बघायच्या. काट्याला एक सरकता ठोकळा होता. इतर पोरांच्या वेळी सिस्टर तो जरा पुढं सरकवायची, कधी तोंड बारीक करून जरा मागं. चांगुणाच्या पोरीला मात्र ठोकळा दर खेपेला त्याच खाचेत बसायचा.

"चांगुणा, पोर वाढत नाही गं," सिस्टर म्हणायची.

"पन कमी झाली का?"

"कमी नाही."

"मंग बास."

"बास कसं? दूध पाजतेस ना डब्यातलं? आणि सुई कधी घेणार?"

"म्होरल्या खेपेला."

डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा यायच्या, त्या गुरुवारी चांगुणा यायची नाही. सिस्टरला काट्याचाच संशय आला. तिनं तो उलटासुलटा करून बघितला. काटा बरोबर होता. "लेकरू म्हणजे वर जाईल नाहीतर खाली येईल," ती दगडाबाईला म्हणाली. "असं एका जागी उभं कसं राहील?" त्या दिवशी दगडाबाईनं पारडं जरा जास्तच वेळ पुसलं.

मग एका गुरुवारी पुण्याहून पाहणी करायला एक बाई आल्या. वागायला चांगल्या, आमच्यातच चटईच्या तुकड्यावर मांडी घालून बसल्या. त्यांना प्रत्येकीला एकच विचारायचं होतं, की इथं मिळणाऱ्या सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का.

माझ्या शेजारी बसलेली बनुबाई म्हणाली, "समद्यांस्नी बसायला चटई दिली तर बरं हुईल."

"ते सांगते मी. पण समाधान आहे का?"

"चटईबिगर कसं आसंल, बाई? खडी टोचती."

मला विचारलं तेव्हा मी जरा वेळ घेतला. हे मला लग्नात कुणी विचारलं नव्हतं, सासरी कुणी विचारलं नव्हतं, नगरात आणून टाकलं तेव्हाही नाही. कुणीतरी विचारतंय ह्याचंच समाधान वाटलं, म्हणून म्हणाले, हाय.

चांगुणाला मात्र विचार करावा लागला नाही. "माझं लई समाधान हाय," ती म्हणाली. "हितं यायला लागल्यापासनं माझी पोर तसूभर कमी न्हाई झाली. आधीची दोन्ही कमी कमी होत गेली हुती. ही हाय तशी हाय."

"बघा," त्या बाई सिस्टरकडं वळून म्हणाल्या, "अशा आया पाहिजेत." आणि चांगुणाला म्हणाल्या, "बघू तरी तुझं बाळ."

"निजलीय," चांगुणा म्हणाली आणि अंग वळवून बसली. ती वळली ती माझ्या बाजूला.

तेव्हा मला मुंग्या दिसल्या. तांबड्या, बारीक. जमिनीवरून चांगुणाच्या पदरावर चढत होत्या, पदरावरून कुंचीवर, आणि कुंचीच्या घडीतून आत, जिथं लेकराचं तोंड असतं तिथं. एकामागं एक, आपल्या घरात जावं तशा. आणि लेकरू हलत नव्हतं.

माझ्या थोरल्याला एक मुंगी चावली तर तो वस्ती गोळा करायचा. मला वाटलं, ही बाई मेलेलं पोर घेऊन बसलीय, आणि आपण इतके दिवस तिच्या मांडीला मांडी लावून बसलोय. दगडाबाई तिथून चालली होती, तिच्या लुगड्याचं टोक मी धरलं आणि नुसतं बघितलं. तिनं पण बघितलं.

ती वाकली. चांगुणाचा पदर सारखा करावा तशी तिनं एका बोटानं कुंचीची घडी उचलली.

आत दगड होता. काळा वरवंटा, पाणी पिऊन पिऊन गुळगुळीत झालेला. त्याला काजळानं डोळे काढले होते, मोठे मोठे, उघडे. कपाळाला तीट. तोंड असतं तिथं सुकलेलं दूध चिकटलं होतं आणि मुंग्या त्यालाच लागल्या होत्या.

दगडाबाईनं घडी खाली सोडली. पाहणीवाल्या बाईंना म्हणाली, "झोपलीय. गाढ."

तेव्हा मला तिचा राग आला होता. नंतर कळलं. तिथं ती बोलली असती तर चारचौघींत चांगुणा उठली असती आणि गेली असती, वस्तीतनंसुद्धा गेली असती. आणि वरवंटा इथं होता तर पोर कुठं होतं हे मग कुणाला कळणार होतं?

चांगुणानं दगड पारड्यात ठेवला. ठोकळा त्याच खाचेत बसला. सिस्टरनं मान वर करून दगडाबाईकडं बघितलं. दगडाबाई म्हणाली, "घ्या, सिस्टर, म्होरली घ्या." तिचा आवाज नेहमीसारखा होता, फक्त तिनं हातातलं फडकं पिळलं, आणि ते कोरडंच होतं.

दुधाची पावडर घेऊन चांगुणा निघाली तशी दगडाबाई तिच्या मागं निघाली. मला म्हणाली, "केशरे, चल. एकटीनं नगं वाटतंय." मी थोरल्याला काखेत घातलं. भर दुपार, सावली पायाखाली आलेली. खाणीतले हातोडे नुकते थांबले होते आणि आवाज अजून येत होता. चांगुणा पुढं चालली होती, चालता चालता दगडाला थोपटत होती. तिनं एकदाही मागं बघितलं नाही.

तिची झोपडी अगदी खाणीच्या काठावर. उन्हातून आत गेलं की डोळ्यापुढं काही दिसेना. हळूहळू दिसायला लागलं. आढ्याला लुगड्याची झोळी बांधलेली. चांगुणानं दगड त्या झोळीत ठेवला, झोका दिला आणि मग तिला आम्ही दारात उभ्या दिसलो.

"तुमी कशाला आल्या?"

"पानी दे गं घोटभर," दगडाबाई म्हणाली. पाण्याला कुणी नाही म्हणत नाही. त्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. चांगुणानं तांब्या दिला. दगडाबाई प्याली, खाली बसली.

"पोर कुठंय?"

"ही काय."

"ही न्हाई. दुसरी."

झोळी आपली कुईकुई करत हलत होती, आणि तेवढ्यात मला कोपऱ्यातून आवाज आला. रडण्याचा नव्हे. नख बांबूवर घासावं तसा. तिथं कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलेलं होतं. दुष्काळात कोंबड्या होत्या कुणाकडं? मी वाकले. डालग्याच्या फटीतून दोन डोळे माझ्याकडं बघत होते. दगडाला काढले होते तेवढे मोठे नव्हते ते. पण उघडे होते, आणि पापणी हलत नव्हती.

"बघू नको," चांगुणा मला म्हणाली. अगदी शांत, शेजारणीला चूल सारवली म्हणून सांगावं तसं. "ती हाय हे कुनाला ठाव न्हाई, म्हनून ती हाय. आधीची दोन्ही समद्यांनी बघितली. एकाला तर गावाकडं काट्यात घातलं, शाळंच्या मास्तरनं वरडून वजन सांगितलं. हप्ता न्हाई गेला मंग."

"हिला दूध?"

"देते की. आधी ह्याला, मंग उरंल ते हिला. पानी घालून पुरवते. तो कमी न्हाई झाला म्हंजी ही बी न्हाई हुनार. तुमीच सांगितलं न्हवं, आधी दगड?"

दगडाबाईच्या तोंडावरचं पाणी अजून सुकलं नव्हतं. ती उठून डालग्याकडं गेली नाही. मला वाटलं जाईल, मी तर निम्मी उठलेच होते, पण तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. चांगुणा आता दारात जाऊन उभी होती आणि तिच्या मागं खाणच होती.

"बारशाला दगड पाळन्यात घालत्यात," दगडाबाई म्हणाली. "मंग काढत्यात का न्हाई?"

"काढत्यात."

"न्हाई काढला तर?"

चांगुणानं झोळीकडं बघितलं.

"तर पाळना त्याचाच हुतो," दगडाबाई म्हणाली. "माझं नाव दगडा कशापायी ठिवलं? माझ्या आधीची समदी गेली, म्हनून मी दगड. आईनं मला कधी मांडीवर घेतली न्हाई, पोर म्हनून हाक मारली न्हाई. कुनी इचारलं तर सांगायची, ते व्हय, दगड हाय, पडलाय. जगले मी. पन चांगुणा, पाळन्यातनं दगड काढायचा ऱ्हायला गं. मी अजून तितंच हाय. रातच्याला जाग आली की मला आढं हललेलं दिसतं."

बोलता बोलता ती उठली आणि झोळीतला दगड उचलला. चांगुणानं हात पुढं केला, पण मध्येच थांबला तो हात. दगडाबाईनं कुंची काढून बाजूला ठेवली. चुलीतली चिमूटभर राख घेतली, काजळाचे डोळे घासले, तीट घासली. राहिलेल्या पाण्यानं धुतला. कोपऱ्यात पाटा उभा होता, तो आडवा केला.

"मिरच्या हायत का घरात?"

चांगुणानं नुसतं बोट केलं. आढ्याला चार वाळक्या मिरच्या टांगलेल्या होत्या. दगडाबाईनं त्या तोडल्या, मीठ घातलं आणि त्या वरवंट्यानं रगडायला सुरुवात केली. खसाखसा, अंगातलं सगळं बळ लावून. चांगुणा भिंतीला टेकली. तिच्या घशातून असा काही आवाज येत होता की जणू तिलाच कुणी पाट्यावर घातलंय. एवढ्याशा झोपडीत मिरचीचा खकाणा भरला, माझा थोरला शिंकला, मला ठसका लागला, डोळ्यातून पाणी.

आणि डालगं रडलं.

पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज, बारीक आणि घासलेला. थांबला. परत आला. मिरचीचा ठसका लागला म्हणा. मी पण तेच म्हणते. पण दगडाचे डोळे पुसले गेले तेव्हा ते पोर पहिल्यांदा रडलं, आणि मी तिथं होते, आणि माझ्या हातावरची लव उभी राहिली ती मिरचीनं नव्हे.

चांगुणानं स्वतःच्या हातानं डालगं उचललं. आम्ही हात लावला नाही. पोरगी एवढीशी होती, पायाची कातडी म्हाताऱ्या बाईसारखी. चांगुणानं तिला छातीला लावली आणि उभी राहिली.

"कुंची घालू का?" तिनं विचारलं.

"कुंचीत मिरचीचा खकाणा बसलाय. पदराखाली घे आनि चल."

दवाखाना आवरायला आला होता, पाहणीवाल्या बाई गेल्या होत्या. सिस्टरनं चांगुणाकडं बघितलं, पदराखालच्या पोरीकडं बघितलं. दगडाबाईनं तिला चार शब्दात सांगितलं. काटा परत काढला. चांगुणानं पोर ठेवलं आणि सिस्टर ठोकळा मागं सरकवायला लागली. त्या खाचेच्या मागं, अजून मागं, अजून. आकडा तिनं उच्चारला नाही. त्या भांडणात ती काय म्हणाली होती हे तिला आठवलं असणारच, आणि तेव्हा ती बोलली असती तर तिला शोभलंही असतं. ती म्हणाली फक्त, "टांगा थांबवा." आणि चांगुणाला आणि पोरीला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली. ह्या खेपेला काटा टांग्यात नव्हता, पत्र्याच्या खोलीतच राहिला.

पोरगी जगली. पुष्कळ दिवस तिथं ठेवली होती, आली तेव्हा गाल धरले होते. छबू नाव ठेवलं. बारशाला वरवंटा घातला आणि काढला, काढताना दगडाबाई चांगुणाच्या हाताकडं बघत होती. पुढं पाऊसपाणी झालं, नवरा परत आला, चांगुणा पोर घेऊन गावी गेली.

दवाखान्यात मात्र बदल झाला. दगडाबाईनं आपला वरवंटा घरी नेऊन चटणी वाटायला लावला. बायांनी कुरकुर केली. कुंची काढायची, तोंड दाखवायचं, आणि वर दगड पण नाही? बनुबाई म्हणाली, "मंग आमी न्हाई येत." दगडाबाई म्हणाली, "दगडच लागतो न्हवं? माझं नाव काय हाय?" आणि प्रत्येक लेकराच्या आधी ती स्वतःचा पंजा पारड्यात दाबून धरायची. जे काही यायचं असेल ते आधी तिच्यावर. मग बाया आल्या. ती पाहणीवाली बाई परत आली असती तर आमचं समाधान जरा कमीच भरलं असतं, पण पोरांची तोंडं दिसायला लागली होती.

आणि सकाळची फेरी पण तिनं बदलली. पूर्वी दारातून हाक मारून पुढं जायची. आता दारात उभी राहायची, आतलं लेकरू रडलं, हसलं, खोकलं, काहीतरी आवाज ऐकू आला म्हणजे मगच पुढं. निजलं असेल तर उठवायला लावायची. सासवा शिव्या द्यायच्या. ती उभीच.

पुढच्या वर्षी ती वाळायला लागली. आधीच हाडं दिसत होती, आता हाडांच्या मधलं पण दिसेना. सिस्टरनं तिला डॉक्टरीणबाईंना दाखवलं, औषधं दिली. ती म्हणायची, "वय झालं. मिसरी लई झाली." आम्ही बाया आपसात वेगळंच बोलायचो, ती ऐकणार नाही इतक्या हळू. वस्तीतली पोरं बाळसं धरत होती, आणि दर गुरुवारी तिचा पंजा पारड्यात होता. मी एकदा तिला म्हणाले, आता बास कर ते. ती म्हणाली, "का गं? मी कमी झाले म्हनतीस व्हय?" आणि हसली, काळे दात दाखवून.

ती गेली त्याच्या आदला गुरुवार मला आठवतो. चौऱ्याहत्तरचा हिवाळा, सकाळी धुकं खाणीतून वर आलेलं. तिला चालवत नव्हतं, मी सोबत निघाले. ती नेहमीसारखी दारादारात थांबली. नेहमीसारखी सासूची एक शिवी खाल्ली. मग आम्ही खाणीच्या काठावर आलो, चांगुणाच्या झोपडीशी. ती झोपडी वर्षभर रिकामी होती, एका बाजूचं कूड पडलेलं, आढ्याला दोरीचा तुकडा. दर गुरुवारी ती तिथं पण थांबायची.

"हितं कोन हाय आता?" मी म्हणाले. "छबू गावी चालायला लागली असंल."

"गप. ऐकू दे."

खाली हातोडे अजून सुरू झाले नव्हते. धुक्यात मला काहीच ऐकू आलं नाही. खरं सांगायचं तर मी कान देऊन ऐकलंच नाही, मी माझ्या पायाकडं बघत होते. दगडाबाई दारात वाकून उभी होती, एक हात कुडाला टेकून. बऱ्याच वेळानं तिनं मान हलवली, चला, हाय, अशी. पदर कमरेला नीट खोचला आणि पुढच्या दाराशी गेली.

"बनुबाई," ती म्हणाली, "उठव तुझ्या लेकराला. गुरुवार हाय."